कपाळावरच्या दोन रेघा

हणमंततात्या गेले आणि तिसऱ्या दिवशी विट्याच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हात जोडलेल्या माणसांचे वाटोळे फोटो आणि मधोमध तात्या. मी दूध घेऊन येत होते. थांबून बघितलं, तर क्षणभर वाटलं, हा दुसराच कोणीतरी आहे. गुळगुळीत कपाळ, सैल जबडा, ओठांवर हसू. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर तात्यांच्या कपाळाला इस्त्री केली होती. भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेघा, ज्यांत नाणं उभं राहिलं असतं, त्या त्यानं साफ पुसून टाकल्या होत्या.

मला राग आला. तात्यांवरचा माझा राग जुना आहे, पण हा नवा होता. ज्या दोन रेघांनी माझ्या आईचं एक वर्ष आणि एक दाढ खाल्ली, त्या अशा फुकटात पुसल्या जाव्यात हे मला पटलं नाही. त्या जागच्या जागी परत काढून ठेवाव्यात म्हणून हे लिहिते आहे. शोकसभेत दोन शब्द बोला असं मला कोणी म्हटलं नाही, हे त्यांनी शहाणपणाचंच केलं.

माझं मेडिकल आहे. त्याला लागून तात्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या अंगाला त्यांनी बांधलेला छोटा हॉल. मधे एक भिंत. सकाळी सहा ते सात हॉलमध्ये तात्यांचा ध्यानवर्ग चाले, आणि सातनंतर माझ्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या आणि बाम यांचा वर्ग चाले. यात अतिशयोक्ती नाही. एखाद्या शाळेजवळ वह्या खपाव्यात तसा माझ्याकडे बाम खपायचा.

तात्या मूळचे गलाईवाले. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतला एकजण तरी कुठल्यातरी दूरच्या शहरात सोनं आटवायला आणि शुद्ध करायला गेलेला असतो. तात्या मिसरूड फुटायच्या आधी मदुराईला गेले आणि साठीला परत आले. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक, उजव्या अंगठ्यावरचा काळपट पिवळा डाग, जो कुठल्याही साबणानं जात नसे. दुसरी, बोलता बोलता मधेच 'सरी, सरी' म्हणायची खोड. तिकडं 'बरं' म्हणायला तो शब्द आहे म्हणे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ध्यान.

ध्यान कुठं शिकलात, असं कोणी विचारलं की ते एकच हकिगत सांगत. मदुराईत एक स्वामी देवळाची जुनी घंटी की काहीतरी आटवून घ्यायला त्यांच्या दुकानात आला. तात्या भट्टीपुढं बसले होते. स्वामी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, तू करतोस हेच ध्यान, आम्ही आश्रमात आणखी वेगळं काय करतो? "त्या दिवसापास्नं मी ध्यान करतोय," तात्या सांगत. "भट्टी न्हाई तवा बी तसंच बसायचं. सरी?" बायका माना डोलवत. मीही एकदोनदा भिंतीपलीकडून हे ऐकलं होतं, आणि मला वाटलं होतं, दृष्टान्त देतोय म्हातारा. सगळ्यांनाच तसं वाटलं. तात्यांनी पहिल्या दिवशी सगळं खरं सांगून टाकलं होतं, पण विट्यात माणूस एकदा सतरंजीवर बसून बोलायला लागला की तो म्हणेल त्याचा दृष्टान्तच होतो.

त्यांची शिकवायची पद्धत अशी. समोर येऊन तो डागाळलेला अंगठा तुमच्या भुवयांच्या मधे टेकवायचा आणि जोरात दाबायचा. "हितं नजर धरायची. डोळं बारीक. दात मिटून. श्वास दाबून. सोड म्हणल्याबिगार सोडायचा न्हाई." मग सगळा हॉल एकदम गप्प. मी औषधांची खोकी लावता लावता ती शांतता ऐकायची. ऐकताना अंगावर काटा यायचा, कारण नऊ-दहा माणसं एका भिंतीपलीकडं आहेत आणि एकही श्वास घेत नाही. मग तात्यांचं "सोड!" आणि 'हुस्स'.

डोकं दुखायचंच. आठवडाभरात नव्या माणसाचं कपाळ ठणकायला लागे. दुसरा एखादा मास्तर म्हणाला असता, थोडं सैल बसा. तात्या खूश होत. "दुखतंय? लागलं मग. तापल्याबिगार निवळत न्हाई." त्यांनी त्याच्या पायऱ्याच बांधल्या होत्या. कपाळात दुखलं की पहिली. कानशिलात, दुसरी. माथ्यावर, तिसरी. मानगुटीत उतरलं की चौथी. आणि पाचवीला सगळं निवळतं. पाचवी कोणी पाहिली नव्हती. तात्या स्वतः वीस वर्षं चौथीवर होते.

आता बायकांच्या हातात पायऱ्या दिल्यावर काय होणार! वर्ग सुटला की माझ्या फळीसमोर उभं राहून त्या एकमेकींना विचारत. "शालन, तुझं कुठवर आलं गं?" "कानशिलात आलं की मागच्याच सोमवारी. तुझं?" "माझं आजून कपाळातच हाय बाई." हे असं मान खाली घालून, नातवाचा निकाल सांगावा तसं. एकीचं डोकं मुळीच दुखत नव्हतं. ती बिचारी महिनाभर खोटं बोलली, आणि नंतर लाजेनं यायचीच बंद झाली.

माझी आई त्या वर्गात होती.

घरात आम्ही दोघीच. वडील गेले त्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. बाजाराला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीपुढं कोसळले. तेव्हापासून आईची झोप उडाली होती. मला वाटे, दुःख आहे, ओसरेल. खरी गोष्ट मला माहीत नव्हती. त्या सकाळी चहा सांडला म्हणून आई चिडली होती आणि चप्पल घालणाऱ्या माणसाला "मरा तिकडं" म्हणाली होती. अर्ध्या तासात तो मेला. ते दोन शब्द तिच्या कानातून जात नव्हते. हे तिनं मला सांगितलं नाही, तात्यांना सांगितलं. माझ्या रागाचं मूळ खणायला गेलं तर इथं सापडेल.

तात्यांनी काय सांगितलं? "वैनी, शब्द तोंडातनं सुटला म्हणून झालं न्हवं? मग आता दात आवळून बसा. जळंल त्ये."

आईनं आवळले. पहिला महिना तिचं डोकं दुखलं नाही तर ती कासावीस झाली. एका सकाळी वर्गातून आली ती कपाळ धरून, आणि चेहरा उजळलेला. मला म्हणाली, "जरा पेढं घेऊन ये गं." मी आणले. तिनं ते शालनकाकूंना, शेजारणींना आणि दुकानात आलेल्या औषध कंपनीच्या एका एमआरलाही वाटले. कशाचे, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, डोकं दुखायला लागलं त्याचे. तो हसला. मी नाही हसले.

मग आमच्या घरात ती डोकेदुखी राहायलाच आली. दुपारी खिडक्या बंद. आई कॉटवर, कपाळावर ओला रुमाल. भाकरी थापायच्या आवाजानं डोकं ठणकतं म्हणून भाकरी बंद. टीव्ही बंद. माझं बोलणंही हळूहळू बंद. पूर्वी दुपारी ती दुकानात येऊन बसायची, गिऱ्हाइकांच्या घरच्या चौकशा करायची, खोकल्याच्या औषधाबरोबर आल्याचा काढा फुकट सांगायची. ते थांबलं. वडील गेले तेव्हा मी अर्धी आई गमावली होती, आणि उरलेली अर्धी तात्या पायरी पायरीनं वर नेत होते. मला माझी आई परत हवी होती. बाकी ध्यानाचं मला काही पडलं नव्हतं.

गोळी दिली तर ती घ्यायची नाही. "इझवायचं न्हाई म्हणत्यात तात्या."

बाकीच्या बायका मात्र माझ्याकडं गुपचूप बाम घ्यायच्या. वर्गाला येताना चोपडूनच यायच्या. हॉलमधून बामाचा असा भपकारा यायचा की माझ्या दुकानात डोळे चुरचुरायचे. आणि तात्या? डोळे मिटून, त्या घमघमाटात बसून म्हणायचे, "बगा, हवा कशी सोच्छ हाय." मला आधी वाटलं, म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतो. मग शालनकाकूंनी सांगितलं, तात्यांना वासच येत नाही. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरानं नाक कधीच गेलेलं. त्यामुळं गोळ्या-बाम बंद करायचा त्यांचा हुकूम बाकीच्या आठ बायका त्यांच्या नाकासमोर रोज मोडायच्या, आणि माझी आई एकटी तो पाळायची.

एकदा मात्र त्यांनी माझ्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी बाहेर जाताना पाहिली. तरातरा आले. कपडे पांढरेशुभ्र, आणि बोटं अशी की काहीही उचलायचं तर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमट्यानं. वर्तमानपत्रसुद्धा चिमट्यानं उचलत. त्या चिमट्यात ती पट्टी धरून म्हणाले, "पोरी, सोनं आटायच्या आत तू तापल्या मुशीवर पाणी वततीस."

पंचेचाळिशीच्या बाईला पोरी! मी म्हणाले, "तात्या, डोकं दुखणं हे शरीराचं ओरडणं असतं. ते ऐकायचं असतं."

"आमी बी ऐकतोच की. तू तोंड दाबतीस त्याचं."

"माझी आई दिवसभर अंधारात पडून असते."

"तुझी आई काय जाळतीया, त्ये तुला म्हाईत हाय का?"

 मला माहीत नव्हतं, आणि या माणसाला माहीत होतं. त्यानं ते सांगितलंही नाही, हे आणखी वाईट. तोंडाचा पक्का होता. पैसे घेत नव्हता, पाया पडू देत नव्हता, कुठल्या बाईकडं वाकड्या नजरेनं पाहत नव्हता. ढोंगी असता तर मी त्याला एका दिवसात उघडा पाडला असता. पण तात्या शंभर टक्के प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसाची चूक धरायची कुठं? वर त्यांचं स्वतःचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दुखत होतं. ते वीस वर्षं एकही गोळी न घेता सहन करत होते. अशा माणसाचा द्वेष करणं फार कष्टाचं काम आहे. मी ते नेटानं केलं.

चैत्रात आईची दाढ मोडली. ध्यानाला बसल्या बसल्या 'कट' असा आवाज झाला. ती तशीच बसून राहिली, सोड म्हणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी गाल सुजला तेव्हा मी तिला सांगलीला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या कानाखालचा गाल दोन्ही हातांनी चाचपला आणि मला म्हणाले, "हे बघा, दगड झालाय. दाढ उभी चिरलीय. रात्री दात खातात का या?"

"नाही. ध्यान करतात."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ध्यानाला दात कशाला लागतात?" मग म्हणाले, डोकेदुखीही इथूनच आहे. जबडा आवळला की कानशील, माथा, मान, ओळीनं सगळं धरतं. त्यांनी बोटानं आईच्या डोक्यावरून ती वाट काढून दाखवली. कानशील, माथा, मानगूट. तात्यांच्या पायऱ्या, एकही चुकली नव्हती.

आईनं ते ऐकलं, पण मानलं नाही. डॉक्टरला काय कळतंय, अशा चेहऱ्यानं ती बाहेर आली.

सांगलीला आणखी एक काम होतं. वडिलांची अंगठी आटवून आम्हा दोघींना कानातले छोटे टॉप करायचे होते. सोनारानं सांगितलं होतं, सोनं जुनं आहे, आधी गलाईवाल्याकडून शुद्ध करून आणा. सराफ पेठेत तात्यांचा पुतण्या संपत याचंच दुकान होतं. अरुंद जागा, एक भट्टी, वर आवाज करणारा एक्झॉस्ट. त्यानं आम्हाला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला आणि कामाला लागला.

अंगठी मुशीत गेली. आई तिच्याकडं एकटक बघत होती. माझं लक्ष आईकडं होतं. संपतनं आच मोठी केली, चिमूटभर टाकणखार टाकला आणि पुढं वाकला. भुवया एकत्र आल्या. कपाळावर दोन उभ्या रेघा उमटल्या. डोळे बारीक. मग पुढचं काम, तेजाबाचं. भांड्यातून तांबूस धूर वर आला तसे त्याचे दात घट्ट मिटले, जबड्याची गाठ वर आली, छाती थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो मागं सरला आणि म्हणाला, 'हुस्स'.

आई उठून उभी राहिली होती. म्हणाली, "आगं, ह्यो तर ध्यानाला बसलाय."

संपत हसला. "काकांनीच शिकवलंय की हे. मुशीवर नजर धरायची न्हाई तर सोनं कवा पळालं कळत न्हाई. आन् तेजाब वततांना श्वास घेतला की संपला माणूस, छातीत जातंय. म्हणून दात मिटायचं, श्वास दाबायचा. आता एक्झॉस्ट हाय, पर सवय जात न्हाई."

"डोकं दुखतं का?" मी विचारलं.

"आवं, लय. गलाईवाला म्हंजी डोकं दुखणारच. काका तर तिकडं रोज संध्याकाळी भित्ताडाला टेकवून बसायचं. त्यास्नी वाटायचं, साधना हाय म्हणून हुतंय."

मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सापडला! वर्षभर मी ज्याच्यात खोट शोधत होते, त्यानं आख्ख्या गल्लीला विषारी धुरात जीव कसा वाचवायचा ते शिकवलं होतं. विट्याच्या स्वच्छ हवेत, सतरंजीवर बसवून.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. तासगाव मागं पडलं. मग म्हणाली, "म्हंजी माझं काय जळलंच न्हाई का गं?"

"काय जळायचं होतं, आई?"

तेव्हा तिनं मला सांगितलं. चहा, चप्पल, आणि ते दोन शब्द. समोरच्या सीटच्या दांड्याला धरून, खाली बघत. मला आधी रडू आलं, मग दुसरंच काहीतरी आठवलं.

"आई, तू बाबांना 'मरा तिकडं' रोज म्हणायचीस. मी शाळेत जाताना म्हणायचीस, दहावीच्या निकालाच्या दिवशी म्हणालीस. ते काय म्हणायचे?"

आई म्हणाली, "'तू आधी' म्हणायचं."

"त्या दिवशी?"

ती बराच वेळ आठवत होती. मला भीती वाटली, मी विचारायला नको होतं. "म्हणालं की," ती म्हणाली. "उंबऱ्यात. 'तू आधी, मी मागनं येतो' म्हणालं, आन् गेलं." मग ती हसायला लागली. सुजलेला गाल धरून हसली, हसता हसता रडली, आणि विटा येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तोंड उघडं, जबडा सैल. वर्षभरात मी तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

इथं मी थांबायला हवं होतं. माझी आई मला मिळाली होती. पण मला तात्यांना हरलेलं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी हॉलमध्ये शिरले. चपला काढल्या नाहीत. सगळ्या बायका श्वास कोंडून बसल्या होत्या, समोर तात्या. मी मोठ्यानं म्हणाले, "सोडा! हे ध्यान नाही, ही गलाई आहे." आणि संपतनं सांगितलेला एकेक शब्द सांगितला. तेजाब, धूर, दात, डॉक्टर, आईची दाढ. शालनकाकूंच्या दाढेत भरलेलं चांदीचं सिमेंटही मागच्याच महिन्यात पडलं होतं, तेही घातलं. माझा आवाज चढत गेला. बाहेर रस्त्यावर माणसं थांबली असतील.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "संप्या म्हणला ह्ये?"

"हो."

"सरी," ते म्हणाले. मग बायकांकडं वळून, "दात सोडा बगू."

बायकांनी सोडले. हॉलमध्ये कुणी गालाला हात लावला, कुणी मान फिरवली. शालनकाकू हळूच म्हणाल्या, "बरं वाटतंय वो, तात्या." आणि कोणीतरी खुदकन हसलं. एकामागून एक सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या त्या, सुटल्यासारख्या हसल्या. पण ते हसू तात्यांच्या तोंडावर पडलं.

तात्यांनीही दात सोडायचा प्रयत्न केला. मी समोरून पाहिलं. जबडा खाली आला, थोडा लोंबला, आणि परत आपोआप वर जाऊन बसला. त्यांनी बोटांनी भुवया बाजूला ओढल्या. हात काढला की त्या पुन्हा जवळ. "मला न्हाई येत," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गाला कोणी गेलं नाही.

चार दिवसांनी, भर दुपारी, तात्या माझ्या दुकानासमोर उभे राहिले.

"गोळी दे."

"कोणाला?"

"मला."

मी साध्या डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी दिली, पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी एक गोळी चिमट्यात धरून उलटसुलट पाहिली, जन्मात पहिल्यांदा, आणि गिळली. मग दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. मी गिऱ्हाइकं करत होते. तासाभरानं त्यांनी कपाळाला हात लावला, मग माथ्याला, मग मानगुटीला. उठले आणि आत आले.

"निवळलं," ते म्हणाले.

मी गल्ला बंद केला.

"पाचवी पायरी म्हंजी ही व्हय? एका गोळीची?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "वीस वर्सं मला वाटायचं, ह्येच्या पलीकडं कायतरी हाय. म्हणून सोसलं. आता दुखायचं थांबलंय, तर बगतोय, आत काय बी न्हाई. नुस्तं कपाळ हाय. मग वीस वर्सं मी काय केलं, सांग."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि मी ते दिलं. "दात खाल्लेत, तात्या."

तेव्हा मला ते फार चटपटीत वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वर्षभर मी त्यांचा द्वेष करत होते, पण त्यांनी माझा केला तो त्या एका क्षणात, आणि माझ्यापेक्षा नीट केला. उरलेली पट्टी त्यांनी फळीवर ठेवली. "ही ठेव. माझी न्हवं." आणि गेले.

आई आता पूर्वीसारखी दुपारी दुकानात बसते. तिचं डोकं दुखत नाही. अधूनमधून मला 'मर तिकडं' म्हणते, आणि मी 'तू आधी' म्हणते. तात्या त्याच आठवड्यात संपतकडं सांगलीला राहायला गेले, ते परत आलेच नाहीत. आता फ्लेक्सवर आले, कपाळ पुसून.

ते सांगलीला जाण्याआधीच्या सकाळी मी त्यांना शेवटचं पाहिलं. सहा वाजले असतील. मी दूध घेऊन येत होते आणि हॉलची खिडकी अर्धी उघडी होती. आत नऊच्या नऊ सतरंज्या ओळीत अंथरलेल्या. माणूस एकही नाही. समोर तात्या बसले होते. दोन्ही रेघा खोल. डोळे बारीक, दात मिटलेले, जबड्याची गाठ वर आलेली. छाती हलत नव्हती. त्यांनी गोळ्या परत दिल्या होत्या, आणि आपली डोकेदुखी परत घेतली होती.

मी पुढं जायला हवं होतं. पण ते श्वास घेईनात. मी पिशवी हातात धरून खिडकीशी उभी राहिले. घ्या की, मी मनात म्हणत होते, घ्या की आता. सोड म्हणायला तिथं कोणी नव्हतं. कितीतरी वेळानं ते 'हुस्स' ऐकू आलं, आणि त्याच वेळी माझ्याही तोंडून तसाच आवाज निघाला. इतका वेळ मीही श्वास धरून उभी होते. दातही आवळलेले होते.

मग मी दुकान उघडलं. दुपारपर्यंत माझं कपाळ ठणकत होतं. तिन्ही बाजूंच्या फळ्यांवर गोळ्याच गोळ्या होत्या. मी घेतली नाही.